रेंज फक्त शाळेत येते

२४ जुलै २००७, मंगळवार

आज परत वाजला. दहावीचा बीजगणिताचा तास, फळ्यावर वर्गसमीकरणाचं पहिलंच उदाहरण, आणि मागून मोबाईल. गेल्या आठवड्यात ओंकारचा होता, सिनेमाच्या गाण्याचा; आजोबा येऊन सोडवून घेऊन गेले. मला वाटलं परत तोच. तर उठली सारिका ढेबे. वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी. माझ्याकडे न बघता सरळ खिडकीशी गेली, "हां, बोला. हां. सांगते," म्हणाली आणि जागेवर येऊन बसली. पाणी प्यायला जाऊन यावं तशी.

सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे. फोन घेतला. हेडसरांचा, म्हणजे कदमसरांचा, नियमच आहे: वर्गात वाजला की जप्त, पालक आल्याशिवाय परत नाही. सारिका रडली नाही, गयावया केली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, बंद नका करू. चालू राहू द्या."

त्याचाच जास्त राग आला. बंद करूनच सरांच्या कपाटात ठेवला.

नसरापूरला भोरची एसटी उशिरा. घरी भोरला पोचले तेव्हा ह्यांनी, इक्बालनी, भात टाकला होता. वर्गसमीकरण अर्धंच राहिलं.

२५ जुलै, बुधवार

मधल्या सुट्टीत ऑफिसच्या पायरीवर एक म्हातारी. डोक्यावर घोंगडीची खोळ, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. फोन न्यायला आले म्हणाली.

सर : सारिकाची आजी का?
"न्हाई. शेजारची. ठकूबाई."
"वडिलांना पाठवा."
"त्यो पुण्यात, मार्केटयार्डात हमालीला. आमच्या वस्तीवं गडीमानूस हाय कुठं?"
"मग आई?"
"लावनीला गेलीया."

सर नियमाला धरून बसले. ती उठल्यावर मला म्हणाले, "अत्तारबाई, नियम एकदा वाकवला की सरळ होत नाही." मलाही पटतं ते. मागच्या वर्षी शाळेत एक मोबाईल दिसला नव्हता. यंदा दहावीतच चार-पाच, आणि मुलांचं अर्धं लक्ष दप्तरात.

म्हातारीनं वाद घातला नाही. जाताना मला हळूच विचारलं, "बाई, आत वाजला व्हता का वो?"

बंद करून ठेवलाय म्हटलं.

"बंद?" म्हणाली आणि उभीच राहिली. घंटा झाली, मी आत गेले.

२७ जुलै, शुक्रवार

सारिकाला शाळा सुटल्यावर थांबवलं. आधी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी. मग बोलली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना.

त्यांची वस्ती खिंडीपलीकडे, पाच-सहा घरं. पुरुष झाडून सगळे पुण्यात. त्यांनी मिळून एक फोन घेऊन दिला. पण वस्तीवर रेंज नाही. रेंज येते ती आमच्या माळावरच्या शाळेत, तीसुद्धा दहावीच्या आणि ऑफिसच्या मागच्या खिडक्यांत. म्हणून फोन सारिकाच्या दप्तरात. सकाळी गाड्या खाली करून झाल्या की हमालांना थोडी उसंत मिळते, तेव्हा कोणीतरी लावतो. ती वेळ नेमकी माझ्या तासाची. संध्याकाळी ही घरोघर जाऊन निरोप सांगते. फोन चार्ज होतो पिठाच्या गिरणीत.

"नववीत असताना काय करायचीस?"
"पान्याला जायचं म्हनून भाईर पडायची."
"आणि तू पास होऊन गेलीस की?"
"सुनी हाय ना, नववीत."

सगळं ठरलेलं आहे यांचं.

"आणि अभ्यास?"

"वाजून झाला का मग डोक्यात जातं, बाई. तवर न्हाई जात. कान तिकडंच."

जूनपासून मला वाटतंय, मुलीला गणित जमत नाही.

२८ जुलै, शनिवार

सकाळची शाळा. सुटल्यावर सारिकाबरोबर तिच्या वस्तीवर गेले. कदमसरांना सांगितलं नाही. खिंडीत चपलेचा अंगठा तुटला, पुढे अनवाणीच. माझ्या मोबाईलवरची रेंजची शेवटची काडी तिथंच गेली.

सारिकाची आई नुकती लावणीवरून आलेली, ओल्या लुगड्यानंच चूल पेटवायला बसली. गुळाचा कोरा चहा. बायका एकेक करून जमल्या. कोणी भांडायला आलं नाही. एकीनं एवढंच विचारलं, तिच्या धाकट्याचा ताप पुण्यात कळवायचाय, तर आता कसा कळवायचा. मी माझा फोन काढला आणि परत पिशवीत टाकला. उपयोग काय.

ठकूमावशी कोपऱ्यात. तिची गोष्ट सारिकाच्या आईनं सांगितली, तिच्या समोरच. मुलगा बबन. जमिनीवरून बापाशी भांडला आणि गेला, कित्येक वर्षं झाली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. गेल्या वर्षी वस्तीतल्या एकाला तो कुठल्याशा स्टँडवर भेटला, त्यानं या फोनचा नंबर कागदावर लिहून त्याच्या खिशात घातला. तेव्हापासून मावशी रोज संध्याकाळी सारिकाच्या वाटेवर उभी. "आला का माझा?" सारिका रोज नाही म्हणते.

मावशी मधेच बोलली. "बाप औंदा गेला, त्ये त्याला ठावं न्हाई. भांडान बापाशी व्हतं. आता कुनाशी भांडतोय त्यो?"

येताना सारिकाची आई खिंडीपर्यंत सोबत आली. मी नको म्हणत होते. तिच्या चपला मला दिल्या, स्वतः अनवाणी परत गेली.

३० जुलै, सोमवार

सरांना सगळं सांगितलं. शनिवारी न विचारता गेले होते तेही. ऐकून घेतलं. मग, "एकीला दिलं की उद्या दहाजण कारणं घेऊन येतील."

म्हटलं, तिला द्यायचाच नाही. सगळ्यांनी सकाळी आल्या आल्या फोन ऑफिसात ठेवायचे, जाताना न्यायचे. बाकीचे बंद, वस्तीचा तेवढा चालू, तुमच्या खिडकीत. निरोप आला की मधल्या सुट्टीत सारिकाला सांगायचा.

"आणि उचलायचा कोणी? मी?"
"तुम्ही असलात तर तुम्ही."

सरांनी हजेरीपट ओढून उघडला. त्यांची निवृत्ती पुढच्या वर्षी. आयुष्यात एसटी चुकली नाही, असा माणूस. मला वाटलं संपलं.

"प्रयोग म्हणून," म्हणाले. "गडबड झाली तर त्याच दिवशी बंद."

कपाट उघडून फोन त्यांनी स्वतः चालू केला. कसा करायचा ते मला दोनदा विचारलं.

६ ऑगस्ट, सोमवार

आठवडाभर शिपाईच फोन उचलत होता; सरांनी स्वतः आज पहिला निरोप घेतला. मी शेजारच्या वर्गात, भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. "हॅलो. मुख्याध्यापक बोलतोय." पलीकडच्यानं घाबरून ठेवूनच दिला. परत वाजला. परत तेच. तिसऱ्यांदा सर म्हणाले, "अहो, ठेवू नका, सारिकाचा शिक्षक बोलतोय." वर्गात हशा. मीही हसले, काय करणार.

सुट्टीत सारिकाला समोर उभं करून परिपत्रक वाचावं तसा निरोप वाचून दाखवला. शनिवारी येणार नाही, गाडी मिळत नाही. काळीला खाणं घाला. "काळी कोण?" "म्हस, सर." "बरं."

आज सारिकानं हात वर केला. उत्तर चुकलं. पण हात वर केला.

१३ ऑगस्ट, सोमवार

म्हणायला सोपं होतं. ओंकारनं सकाळी ऑफिसात एक बंद पडलेला जुना मोबाईल ठेवला आणि कॅमेऱ्याचा नवा दप्तरात. मी फळ्यावर लिहीत होते तेव्हा त्यानं माझा पाठमोरा फोटो काढला, बेंचाखालून फिरवला. खुसखुस कानावर आली.

मागितला. दिला. बघितला. स्वतःची पाठ माणूस कधी बघत नाही. पदराला खडू, केसांना खडू, निऱ्यांना नसरापूरच्या स्टँडचा चिखल. "काढायचाच तर जरा चांगला काढायचा," म्हटलं. त्याच्याच हातानं पुसायला लावला.

मग तोच म्हणाला, "सारिकाला चालतो, माझा का न्हाई?" प्रश्न चुकीचा नाही. वर्गालाच विचारलं. सगळे एकदम बोलायला लागले. एक मुलगा म्हणाला तिचा फोन तिचा नाहीच, वस्तीचा आहे. दुसरी म्हणाली, "पन बाई, ऑफिसात वाजला तरी आमाला ऐकू येतो. मग आमी पन वाट बघतो, काय निरोप आला म्हनून."

तास गेला. भूमितीचं प्रमेय तसंच राहिलं. वाया गेला असं मात्र वाटत नाही.

१४ ऑगस्ट, मंगळवार

ओंकारचे वडील आले. किकवीजवळ हायवेला त्यांचं हॉटेल. मुलगा इथं आजोळी राहतो. तावातावानं येतील वाटलं होतं, तर खुर्चीच्या टोकावर बसले. "बाई, मीच घेऊन दिला. लांब ऱ्हातोय, वाईट वाटतं. आता काढून कसा घेऊ?"

काढून घेऊ नका म्हटलं. शाळा सुटली की तो इथून निघायच्या आत तुम्हीच लावत जा त्याला. रोज.

"रोज काय बोलायचं पोराशी?"

ते मला तरी कुठं माहीत.

२३ ऑगस्ट, गुरुवार

आज वाईट झालं.

सर तालुक्याला मीटिंगला, वेल्ह्याला. शिपाई बाळू बँकेत. ऑफिसला कुलूप, किल्ली बाळूच्या खिशात, आणि वस्तीचा फोन आत खिडकीत. हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही.

माझा तास चालू असताना वाजायला लागला. वाजून थांबला. परत वाजला. हमाल एवढा वेळ लावत नाहीत, त्यांना माहीत आहे सुट्टीत निरोप जातो. सारिका उभी राहिली. बस म्हटलं, बसली नाही. दोन मुलं धावत मागच्या बाजूला गेली, गजातून हात घालून बघितला, पोचेना. तिसऱ्यांदा लांबलचक वाजला आणि थांबला तो थांबलाच. कोणी लिहीत नव्हतं. माझ्या हातात खडू तसाच.

बाळू आल्यावर बघितलं. तिन्ही वेळा एकच नंबर, अनोळखी, बाहेरच्या कोडचा. मीच लावला. उचलला एका वयस्क माणसानं. मालेगावचा टेलिफोन बूथ. उर्दूत बोलायला लागला तशी मीही घरच्यासारखी उर्दूत बोलले. चाचा भला माणूस. म्हणाले, हां, एकजण होता, इधर पावरलूमवर असतो. तीनदा लावला, कोणी उचलेना तर गेला. नाव विचारलं नाही. कागद फार जुना होता त्याच्या हातातला, घडीवर फाटलेला.

त्यांना सांगितलं, परत आला तर थांबवा, म्हणावं तुझी आई वाट बघतेय. चाचा म्हणाले, "कारखाने को जुम्मे की छुट्टी रहती है, बेटी. जुम्मे को आया तो आया." म्हणजे उद्याच, शुक्रवारी.

सारिका दारात. "मावशीला काय सांगू?"
"खरं ते सांग."
"रोज इचारती, आला का. रोज मी न्हाई म्हनती. आज व्हय म्हनायचं का न्हाई?"



२४ ऑगस्ट, शुक्रवार

ठकूमावशी शाळा उघडायच्या आधीच पायरीवर. सारिकानं "व्हय" सांगितलं होतं.

सरांनी कालचं सगळं ऐकून घेतलं. मावशीला खुर्ची दिली. ती खुर्चीत बसेना, भिंतीशी खाली बसली, फोनसमोर. सरांनी पंखा लावला, तिला थंडी वाजेल म्हणून परत बंद केला.

एक फोन आला, हमालांचा. बाकी काही नाही. शाळा सुटल्यावर सारिकाबरोबर परत गेली.

किल्ली आता दोघांकडे. एक माझ्या पर्समध्ये.

३१ ऑगस्ट, शुक्रवार

मावशी परत. नाही आला. सर तिच्याशी भाताबद्दल बोलत होते, यंदा कुठलं बी टाकलं वगैरे. त्यांना शेतीतलं काही कळत नाही, तरी बोलत होते.

अम्मी रात्री म्हणाली, "ती माय दर जुम्म्याला डोंगर चढून येतेय. मी दुआ करते." म्हटलं कर.

७ सप्टेंबर, शुक्रवार

आला.

वर्गसमीकरणाची उजळणी चालू होती. पलीकडे वाजला, सरांचा आवाज, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. सर स्वतः वर्गाच्या दारात. वीस वर्षांत तास चालू असताना माझ्या वर्गात आले नव्हते. "सारिका, चल. तिला धरायला येत नाहीये."

मावशीनं उलटा धरला होता म्हणे. सारिकानं सरळ करून कानाला लावला.

मी मुलांना पुढचं उदाहरण सोडवायला सांगितलं. कोणीही सोडवत नव्हतं, मीही काही बोलले नाही. भिंतीतून ऐकू येत होतं. मावशी इतक्या मोठ्यांदा बोलत होती, जणू मालेगावपर्यंत आवाज तिनंच पोचवायचाय.

"जेवलास का?"

मग कितीतरी वेळ काही नाही.

"बाप न्हाई रं आता. गेला त्यो. … न्हाई, न्हाई. रागात न्हाई गेला. तुजं नाव घ्यायचा."

परत काही नाही. मग, "पाऊस हाय का तिकडं? छत्री हाय का तुझ्याकडं?"

सर व्हरांड्यात येऊन आमच्याकडे पाठ करून उभे होते. ओंकार वहीत मान घालून काहीतरी खरडत होता, उदाहरण नव्हे.

मावशी बाहेर आली ती हसतच. डोळ्यांतून पाणी चाललंय आणि हसतेय. "मला नात हाय म्हनं. दुसरीत हाय. साळंत जाती." हे तिनं सरांना सांगितलं, बाळूला सांगितलं, मला सांगितलं, मग सरांना परत सांगितलं.

दिवाळीला ये म्हणाली त्याला. तो "बघतो" म्हणाला.

१२ सप्टेंबर, बुधवार

संस्थेचं पत्र. शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांचा मोबाईल कोणत्याही कारणास्तव असता कामा नये. असल्यास मुख्याध्यापक जबाबदार. आमच्याबद्दलच कोणी कळवलं की सगळ्या शाळांना आलंय, माहीत नाही.

सरांनी वाचून माझ्याकडे दिलं. मी वाचून त्यांच्याकडे. पुढच्या वर्षी निवृत्त होणारा माणूस. या वयात त्यांच्या नावावर शेरा नको. म्हटलं, सर, मी वस्तीवर जाऊन सांगून येते.

"थांबा जरा," म्हणाले.

एसटीत दोन वेळा वाटलं, त्या बायकांना काय सांगणार. भोर येईपर्यंत एकही वाक्य जुळलं नाही.

१७ सप्टेंबर, सोमवार

रोजे सुरू झालेत. गणपतीही बसलेत. सर प्रसादाचे मोदक घेऊन आले, माझे कागदात बांधून बाजूला ठेवले, "संध्याकाळी सोडल्यावर खा."

मग संस्थेला लिहिलेलं उत्तर दाखवलं. शाळेचा दूरध्वनी पावसाळ्याच्या सुरुवातीपासून बंद आहे. तक्रार करूनही दुरुस्त झालेला नाही. सबब परिसरातील पालकांनी आपला भ्रमणध्वनी शालेय वेळेत कार्यालयाच्या वापरासाठी उपलब्ध करून दिला असून तो मुख्याध्यापकांच्या ताब्यात असतो. सदर क्रमांकाची शाळेचा संपर्क क्रमांक म्हणून नोंद घ्यावी, ही विनंती. विद्यार्थ्यांपैकी कोणाकडेही वर्गात मोबाईल नसतो.

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. खरंच आहे की.

"सर, हे चालेल?"

"बघू. बत्तीस वर्षांत संस्थेनं माझं एकही पत्र नाकारलेलं नाही. मी कधी लिहिलंच नाही म्हणा."

सारिकाच्या आईला विचारून सही घेतली आहे. तिनं अंगठा नाही केला, सही केली. सारिकानं शिकवलीय.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

संस्थेचं काही आलं नाही. ना हो, ना नाही. सर म्हणतात, काही येत नाही तोवर चालू ठेवायचं.

बबन मागच्या शुक्रवारी बोलला. त्याच्या मुलीलाही बोलायला लावलं. मावशी म्हणे तिच्याशी ओरडून न बोलता अगदी हळू बोलली, तर पोरीला ऐकूच आलं नाही. दिवाळीचं विचारलं तर अजून "बघतो"च. मालेगावहून बायको-पोरीला घेऊन यायचं म्हणजे सोपं नाही. आणि ज्या घरातून भांडून गेला, त्या घराचा उंबरा. मावशी मात्र घर सारवायला लागलीय. आजही आलीय, ऑफिसात भिंतीशी बसून.

आज दहावीची चाचणी. बीजगणित. वर्गात कागदाचा आणि पेनांचा आवाज तेवढा. ओंकार पुरवणी मागायला उठला. सारिका खिडकीच्या बाकावर, तिसऱ्या प्रश्नाशी. तिच्या कागदावर नजर टाकत पुढे गेले. दोन्ही मुळं बरोबर काढली होती, पडताळा करत होती.

तेवढ्यात पलीकडे फोन वाजला.

अर्ध्या वर्गाची मान वर. सारिकाचीही. माझ्याकडे बघितलं तिनं. मी काही खूण केली नाही. भिंतीपलीकडे सरांचा आवाज, "हां, बोला. आहे, इथंच बसलीय. देतो."

सारिकानं एकदा भिंतीकडे बघितलं आणि मान खाली घालून लिहायला लागली.